परिचारिकेच्या घड्याळातील सेकंदकाटा

पुणे स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयाच्या फाटकापाशी सकाळी पाळी बदलण्याच्या वेळेस उभे राहिलात, तर रात्रपाळी आटोपून घरी निघालेल्या परिचारिका आणि लगबगीने कामावर येणाऱ्या परिचारिका एकमेकींना ओलांडून जाताना दिसतील. त्यांच्या घड्याळांकडे जरा लक्ष द्या. शोभेच्या घड्याळात सेकंदकाटा नसला तरी चालतो. पुष्कळ नव्या घड्याळांत तो नसतोच. परिचारिका मात्र घड्याळ घेताना सेकंदकाटा आहे ना, हे आधी पाहते. शिकाऊ परिचारिकेला पहिल्या वर्षीच असे घड्याळ घ्यायला सांगतात. जुन्या छायाचित्रांत तर हे घड्याळ छातीवर उलटे टाचलेले दिसते. उलटे अशासाठी, की मान खाली घालून पाहिले म्हणजे पाहणारीला ते सुलटे दिसावे आणि मनगट मोकळे राहून हात कोपरापर्यंत धुता यावेत.

हा सेकंदकाटा कशासाठी? तुम्ही म्हणाल, नाडी मोजण्यासाठी. बरोबर आहे. पण तेवढ्यावर थांबलो तर अर्धीच गोष्ट समजेल. रुग्णालयात आजाराने होणारा धोका असतो, तसाच उपचार करताना घडणाऱ्या चुकांचाही असतो. या दुसऱ्या धोक्याला आळा घालण्याचे पुष्कळसे काम सेकंद, मिनिट आणि तास मोजण्यातूनच होते. कसे, ते पाहू.

नाडी आणि श्वास

वैद्य पूर्वीपासून नाडी पाहत आले आहेत. परंतु ती ‘मोजणे’ ही तुलनेने अलीकडची गोष्ट आहे. इंग्लंडमधील जॉन फ्लॉयर नावाच्या वैद्याने बरोबर एक मिनिट चालून थांबणारे, सेकंदकाटा असलेले एक खास घड्याळ बनवून घेतले आणि १७०७ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. ‘नाडी जलद आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘नाडी मिनिटाला १०४ आहे’ असे म्हणता येऊ लागले. फरक लहान वाटतो, पण ‘जलद’ हा शब्द सकाळच्या आणि रात्रीच्या परिचारिकेला निरनिराळा वाटू शकतो. १०४ हा आकडा दोघींना सारखाच.

नाडीपेक्षाही मोलाची, पण मोजायला कंटाळवाणी अशी एक गोष्ट आहे. ती म्हणजे श्वास. निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसला असता मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. शरीरात काही बिघडू लागले, म्हणजे जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला, फुप्फुसात पाणी साठू लागले किंवा रक्तस्राव होऊ लागला, की पुष्कळदा रक्तदाब ढासळण्याच्या आधी श्वासाचा वेग वाढतो. म्हणजे धोक्याची पहिली घंटा तिथे वाजते. ब्रिटनमध्ये २०१२ साली रुग्णाच्या ढासळत्या स्थितीला गुण देण्याची एक पद्धत ठरली. तीत श्वासाचा वेग २५ किंवा त्याहून अधिक असेल, तर त्या एकाच गोष्टीला सर्वांत जास्त म्हणजे ३ गुण मिळतात. इथे जास्त गुण म्हणजे जास्त काळजी, हे लक्षात ठेवा.

आता एक गंमत. आपले श्वास कोणी मोजतो आहे असे कळले, की आपण ते बदलतो. घरी करून पाहा. आजोबांना सांगा, ‘तुमचे श्वास मोजतो हं!’ लगेच ते ताठ बसून संथ, लांब श्वास घेऊ लागतील. अनुभवी परिचारिका काय करते? ती रुग्णाचे मनगट धरून नाडी मोजते, आणि मोजून झाल्यावरही मनगट सोडत नाही. रुग्णाला वाटते, नाडीच पाहणे चालले आहे. तिचे डोळे मात्र घड्याळावरून त्याच्या छातीवर गेलेले असतात. तिथे ती पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले तर नाही का चालणार? नाडीचे ठोके नियमित असतील, तर तिथे एखादे वेळी चालून जाते. पण श्वास पंधरा सेकंदांत चार-पाचच पडतात. त्यात एकाची चूक झाली तर उत्तरात चारांची चूक होते, आणि १८ चे २२ होतात. एवढ्या फरकाने रुग्ण ‘ठीक’चा ‘लक्ष ठेवा’ होतो, किंवा त्याच्या उलट.

खरे सांगायचे, तर घाईच्या वॉर्डात न मोजताच कागदावर ‘२०’ लिहिण्याचा मोह होतो. एखाद्या तक्त्यावर दहा रुग्णांचे श्वास एकसारखे २० दिसले, तर जाणत्या मेट्रन त्याकडे संशयाने पाहतात. दहा माणसांचे श्वास असे कवायत केल्यासारखे जुळत नाहीत.

थेंबांचे गणित

सलाईनची बाटली तुम्ही पाहिली असेलच. तिच्याखाली एक पारदर्शक कुपी असते, तीत टप्‌ टप्‌ थेंब पडताना दिसतात. कुपीच्या खालच्या नळीवर एक लहान चाक असते. ते फिरवले की नळी दाबली जाते आणि थेंब कमी-जास्त होतात. या साध्या साधनावर किती द्रव किती वेळात रक्तात जायचा, हे अवलंबून असते.

समजा, डॉक्टरांनी ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्यायला सांगितले. मोठ्या माणसांसाठी नेहमी वापरतात त्या नळीतून साधारण २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो (नळीच्या वेष्टनावर हा आकडा छापलेला असतो, आणि तो वाचायचा असतो). मग एकूण थेंब झाले ५०० × २० = १०,०००. चार तास म्हणजे २४० मिनिटे. १०,००० भागिले २४० म्हणजे ४१.७. मिनिटाला ४२ थेंब! आता परिचारिका घड्याळ कुपीशेजारी धरते आणि चाक फिरवीत थेंब जुळवते. पंधरा सेकंदांत दहा-अकरा थेंब आले, की गणित जमले.

लहान मुलांसाठी बारीक थेंबांची नळी असते. तिच्यातून ६० थेंबांचा १ मिलिलिटर होतो. हा ६० चा आकडा मोठा सोयीचा आहे. तासाला जितके मिलिलिटर द्यायचे, तितकेच थेंब मिनिटाला पाडायचे. तासाला ३० मिलिलिटर, तर मिनिटाला ३० थेंब. असे का होते, ते वहीत मांडून पाहा. वरचे ६० आणि खालचे ६० एकमेकांना खाऊन टाकतात.

थेंब दुप्पट वेगाने पडले, तर काय बिघडले? तुमच्यामाझ्यासारख्याचे कदाचित काही बिघडणार नाही. मूत्रपिंडे जादा पाणी बाहेर टाकतील. पण हृदय दुबळे असलेल्या आजीबाईंच्या शरीरात दोन तासांत अर्धा लिटर पाणी गेले, तर ते हृदयाला पुढे ढकलता येत नाही. मग ते फुप्फुसांत साठते आणि धाप लागते. द्रव तोच, बाटली तीच. बदलला तो फक्त वेळ.

एकदा जुळवलेले थेंब तसेच राहतात, असेही नाही. द्रव खाली येतो तो गुरुत्वाकर्षणामुळे. बाटली आणि हात यांच्या उंचीतील फरक जितका जास्त, तितका दाब जास्त. रुग्ण उठून बसला, त्याने हात उशीवर ठेवला, कोणी पलंगाचे डोके वर केले, की थेंब मंदावतात. हात पलंगाखाली लोंबू लागला की वाढतात. म्हणून पुन्हा पुन्हा मोजावे लागते. हे तत्त्व घरी पाहता येईल. प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाजवळ टाचणीने थेंब पडतील एवढेच बारीक छिद्र पाडा. झाकण उघडे ठेवून बाटली पाण्याने भरा आणि ती भरलेली असताना पंधरा सेकंदांत किती थेंब पडतात ते मोजा. पाणी पाव बाटली उरल्यावर पुन्हा मोजा. आकडे शेजारी शेजारी लिहा. सलाईनचे चाक नातेवाइकांनी स्वतः फिरवू नये, असे परिचारिका का बजावते, हे मग तुमच्या लक्षात येईल.

वीस म्हणजे किती?

आता माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या आत्याला मधुमेहामुळे पुण्यातील एका रुग्णालयात ठेवावे लागले होते. नारायण पेठेतील घरी परतल्यावर तिला रोज रात्री इन्सुलिनचे २० युनिट द्यायचे होते आणि ते काम माझ्याकडे आले. पूर्वीपासून ती इन्सुलिन घेत असे, त्यामुळे लाल टोपणाच्या सिरिंजा घरात होत्या. नव्या चिठ्ठीवरची बाटली मी दुकानातून आणली. पहिल्या रात्री सिरिंज २० च्या खुणेपर्यंत भरली. तेवढ्यात शेजारच्या वाड्यातील एक निवृत्त सिस्टर आत्याला भेटायला आल्या.

“अहो, थांबा,” त्या म्हणाल्या. “आधी बाटली दाखवा बघू.”

“वीसच भरलंय, सिस्टर. तीनदा पाहिलं.”

“कशाचे वीस?”

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी बाटलीवरचा बारीक आकडा दाखवला. एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट! माझ्या हातातली लाल टोपणाची सिरिंज होती एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असणाऱ्या जुन्या बाटलीसाठी. गणित तुम्हीच करा. ४० च्या सिरिंजवर २० ची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. नव्या बाटलीतील अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० युनिट. वीसऐवजी पन्नास, म्हणजे अडीचपट! रक्तातील साखर झोपेतच खाली गेली असती. घाम, थरथर, मग बेशुद्धी. आणि आत्या एकटी झोपत असे.

मी तीनदा पाहिले होते, हे खोटे नव्हते. पण तिन्ही वेळा मी एकच गोष्ट पाहिली होती: खूण. बाटली आणि सिरिंज एकमेकींच्या जोडीच्या आहेत का, हे एकदाही नाही. स्वतःची चूक स्वतःला न दिसण्याचे कारण हेच. पहिल्या वेळी जी समजूत घेऊन आपण पाहतो, तीच समजूत घेऊन दुसऱ्यांदा पाहतो. म्हणून रुग्णालयात इन्सुलिनसारखी, म्हणजे थोड्या चुकीने मोठा अपाय करणारी औषधे दुसऱ्या परिचारिकेकडून स्वतंत्रपणे तपासून घेण्याची पद्धत आहे. ‘वीस युनिट आहेत ना?’ असे विचारायचे नाही. तसे विचारले की समोरची ‘हो’ म्हणते. ‘हे किती आहे?’ असे विचारायचे. दुसरीने बाटली, सिरिंज आणि चिठ्ठी तिन्ही स्वतः वाचून उत्तर द्यायचे.

दुसऱ्या दिवशी मी १०० युनिटांची, नारिंगी टोपणाची सिरिंज आणली. लाल टोपणाच्या उरलेल्या सिरिंजा सिस्टरांनी माझ्यासमोर मोडून ठेवल्या. कारण घरात त्या राहिल्या असत्या, तर कधी ना कधी कोणाच्या तरी हाताला लागल्याच असत्या.

तीस सेकंद कुठून आणायचे?

हात धुण्याचे महत्त्व तुम्ही शाळेत शिकलाच आहात. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने बाळंतिणींच्या दोन वॉर्डांतील मृत्यू मोजले. ज्या वॉर्डात डॉक्टर आणि विद्यार्थी काम करीत, तिथे सुइणींच्या वॉर्डापेक्षा कितीतरी जास्त बाया दगावत होत्या. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येत. सेमेलवाइसने त्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. त्या वर्षी एप्रिलमध्ये पहिल्या वॉर्डात शंभरांतील अठरा बाळंतिणी मेल्या होत्या. जुलैमध्ये ते प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. जंतूंचा सिद्धान्त अजून मांडला जायचा होता! तरीही त्याच्या सहकाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्याचे म्हणणे मानले नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचे मात्र लोकांनी ऐकले. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभरांतील चाळीसहून अधिक रुग्ण मरत होते. गटारे साफ झाली, हवा खेळू लागली, स्वच्छता आली आणि काही महिन्यांत ते प्रमाण दोनच्या आसपास उतरले. बाईंनी पुढे १८५८ साली हे आकडे रंगीत पाकळ्यांच्या आकृतीत मांडले आणि मंत्र्यांसमोर ठेवले. दिवा घेतलेली स्त्री म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण संख्याशास्त्रातही त्या पारंगत होत्या. त्या भारतात कधीच आल्या नाहीत. तरी इथल्या खेड्यांच्या स्वच्छतेविषयी आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता.

तर मग दीडशेहून अधिक वर्षांनंतरही रुग्णालयात हात धुणे का चुकते? परिचारिका आळशी असतात म्हणून? हे उत्तर देण्याआधी पुन्हा घड्याळ काढू.

रुग्णाला हात लावण्याआधी, जखमेसारखे स्वच्छ काम करण्याआधी, रक्त वा मलमूत्राशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या पलंगाला किंवा वस्तूंना हात लावल्यावर, अशा पाच वेळी हात स्वच्छ करावेत असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. साबण-पाण्याने नीट धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात. अल्कोहोलचे द्रावण चोळण्यास २० ते ३०. समजा, एका परिचारिकेकडे ३० रुग्ण आहेत आणि आठ तासांच्या पाळीत ती प्रत्येकाजवळ फक्त चार वेळा जाते. आधी आणि नंतर मिळून प्रत्येकाचे आठ वेळा. ३० × ८ = २४० वेळा. प्रत्येक वेळी एक मिनिट धरले, तर हात धुण्यातच २४० मिनिटे, म्हणजे चार तास गेले! मोरीपर्यंत जाण्यायेण्याचा वेळ वेगळाच. तुमच्यातील चलाख मुलगी म्हणेल, ‘एकानंतरचे आणि दुसऱ्याच्या आधीचे धुणे एकच धरू या.’ मधे दुसऱ्या कशाला हात लागला नसेल तर धरता येईल. तरी दोन तास उरतातच. अर्धा मिनिट लागणारे द्रावण असेल, तर एक तास.

म्हणजे प्रश्न शिस्तीचा आहे, तसाच वेळेचाही आहे. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात हे ओळखून प्रत्येक पलंगापाशी अल्कोहोलच्या द्रावणाची बाटली ठेवली आणि मोहीम चालवली. १९९४ ते १९९७ या काळात, हात स्वच्छ करायला हवेत अशा शंभर प्रसंगांपैकी ४८ प्रसंगी ते केले जात होते, ते ६६ वर गेले. आणि रुग्णालयात लागण होणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १६.९ वरून ९.९ वर आले. मोरी जवळ आणता येत नव्हती, म्हणून बाटली जवळ आणली. (अल्कोहोल शुद्ध नको हं, साधारण ७० ते ८० टक्के हवे. जंतूंतील प्रथिने विस्कटायला थोडे पाणीही लागते. आणि हात मळलेले दिसत असतील, किंवा रुग्णाला विशिष्ट प्रकारचे जुलाब असतील, तर साबण-पाणीच.)

घरी एक प्रयोग करा. चमचाभर तेलात हळद कालवून दोन्ही हातांना चोळा. मग डोळे मिटून, नेहमीप्रमाणे साबणाने हात धुवा. डोळे उघडून पाहा, पिवळे कुठे राहिले? अंगठ्याच्या मागे, नखांच्या कडांना, बोटांच्या बेचक्यांत, अंगठीखाली. परिचारिकांना कामावर अंगठ्या घालू देत नाहीत, त्याचे कारण तुमच्या बोटावरच दिसेल.

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले दोन करोनाबाधित रुग्ण पुण्यात आढळले आणि त्यांना महापालिकेच्या नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयात ठेवण्यात आले. त्या दिवसांत अंगभर संरक्षक पोशाख घालून काम करणाऱ्या परिचारिकांची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. असा पोशाख घालण्यापेक्षा काढताना धोका अधिक असतो. बाहेरची बाजू जंतूंनी माखलेली असू शकते आणि काम संपल्यावर माणूस दमलेला असतो. म्हणून काढण्याचा क्रम ठरलेला असतो, मधे मधे हात निर्जंतुक करायचे असतात, आणि दुसऱ्या कोणीतरी समोर उभे राहून प्रत्येक पायरीकडे लक्ष द्यायचे असते. सिरिंज तपासणाऱ्या दुसऱ्या परिचारिकेचेच हे रूप.

दर दोन तासांनी

आता सेकंद सोडून तासांकडे वळू. अंगठ्याचे नख दाबून पाहा. ते पांढरे पडते. सोडले की पुन्हा गुलाबी होते. दाबल्यामुळे तेथील केशवाहिन्यांतील रक्त बाजूला सरले होते. केशवाहिनीतील दाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे फारच थोडा असतो. बिछान्यावर पडलेल्या माणसाच्या माकडहाडाखाली, टाचांखाली, कोपरांखाली याहून कितीतरी अधिक दाब पडतो. आपण झोपेतही कूस बदलतो, म्हणून आपले काही बिघडत नाही. बेशुद्ध किंवा अर्धांगवायू झालेल्या माणसाला ते जमत नाही. त्या जागच्या पेशींना तासन्‌तास रक्त मिळत नाही, त्या मरतात आणि शय्याव्रण होतो. एकदा झालेला व्रण भरायला महिने लागतात.

उपाय साधा आहे: साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे. दोन तास हा अंदाज आहे; कृश माणसाला त्याआधीही वळवावे लागते. वळवताना ओढायचे नाही, चादरीने उचलायचे. ओढले की कातडी एकीकडे आणि हाड दुसरीकडे सरकून रक्तवाहिन्या पिळवटतात. कातडी कोरडी ठेवायची, लालसर डाग दिसतो का ते पाहायचे. काम साधे आहे, पण दिवसातून बारा वेळा आहे. वर्षाला ४,३८० वेळा.

हे किती काळ करता येते, याचे एक उदाहरण पुण्याबाहेरचे, मुंबईचे आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयातील तरुण परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी प्राणघातक हल्ला झाला. मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०११ च्या निकालपत्रात न्यायालयाने परिचारिकांचे कौतुक करताना नमूद केले, की सदतीस वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नाही. ज्यांनी त्यांना सुरुवातीला वळवले त्या निवृत्त झाल्या. नंतरच्या कित्येक जणी त्या घटनेच्या वेळी जन्मलेल्याही नव्हत्या. पाळ्या बदलल्या, पिढ्या बदलल्या, काम खंडले नाही.

सात की साठ?

काम खंडू नये म्हणून पाळी बदलताना जाणारी परिचारिका येणारीला सर्व माहिती देते. याला हँडओव्हर म्हणतात. टेबलापाशी बसून तोंडी सांगण्यापेक्षा दोघींनी प्रत्येक पलंगापाशी जाऊन बोलणे बरे. तिथे बाटलीत किती द्रव उरला ते दिसते, रुग्ण स्वतःही ऐकतो आणि ‘अहो, ते दुपारचं औषध मिळालंच नाही’ असे सांगू शकतो.

फोनवर सूचना घेताना तर फारच जपावे लागते. आपल्या मराठीत ‘सात’ आणि ‘साठ’ म्हणून पाहा. गोंगाटात फरक कळतो? सात मिलिलिटर आणि साठ मिलिलिटर! म्हणून ऐकणारीने लिहून घ्यायचे आणि वाचून दाखवायचे, ‘साठ, म्हणजे सहा-शून्य’. लिहितानाही शून्य फसवतो. ‘५.०’ लिहिले आणि टिंब पुसट उमटले, तर ५० होतात. म्हणून पूर्णांकानंतर टिंब-शून्य लिहायचे नाही. आणि अपूर्णांकाच्या आधी मात्र शून्य लिहायचेच: ‘०.५’, नुसते ‘.५’ नव्हे. तुमच्या गणिताच्या बाई ‘५.०’ला मार्क कापणार नाहीत. परिचारिकेला मात्र ते लिहिणे मना आहे.

ओळख पटवताना ‘सात नंबरचा पलंग’ असे म्हणत नाहीत, कारण पलंग बदलतात. ‘तुम्ही जाधव ना?’ असेही विचारत नाहीत; गुंगीत माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो, आणि पुण्यातील वॉर्डात दोन जाधव सहज निघतात. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असे म्हणायचे आणि मनगटावरच्या पट्टीवरील नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहायचे.

ही सारी कामे आता आपल्याला परिचयाची वाटतात. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले आणि तेथील स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले, तेव्हा परक्या आजाऱ्याची शुश्रूषा करणे पांढरपेशा घरांत कमीपणाचे समजले जाई. स्वतः रमाबाई ससूनमध्ये रुग्णांना भेटायला जात. त्याच्या बारा वर्षे आधी, १८९७ च्या प्लेगात, रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना पुण्यातच संसर्ग होऊन मृत्यू आला होता. शुश्रूषा करणाऱ्याची सुरक्षितता आणि रुग्णाची सुरक्षितता वेगळ्या काढता येत नाहीत, हे या शहराने फार पूर्वी पाहिले आहे.

भोकांची पोस्टकार्डे

इतकी काळजी घेऊनही चुका होतात. जेम्स रीझन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने याचे एक चित्र मांडले आहे. ते आपण जाड कागदांनी करू. पोस्टकार्डाएवढे चार कागद घ्या. प्रत्येकाला कुठेही चार-पाच भोके पाडा. मग ते एकामागे एक धरून दिव्यासमोर न्या. बहुधा उजेड आरपार येणार नाही. एकाचे भोक दुसऱ्याने झाकले जाते. पण कागद हलवत राहा. कधीतरी चार भोके एका रेषेत येतील आणि प्रकाश डोळ्यावर पडेल. डॉक्टरांचे अक्षर, दुकानदाराची बाटली, घरातली जुनी सिरिंज, माझे अज्ञान, असे आत्याच्या वेळचे चार कागद होते. सिस्टर हा पाचवा.

अपाय होता होता टळला, तर पुष्कळ जण ‘सुटलो बुवा’ म्हणून गप्प बसतात. पण भोक कुठे आहे ते कळण्याची तीच संधी असते. म्हणून चांगल्या वॉर्डात अशा टळलेल्या चुकांचीही वही असते. ती भरणारीला रागावले, की वही कोरी राहते. माझ्या मते कोरी वही ही भरलेल्या वहीपेक्षा अधिक काळजी करण्याजोगी आहे.

शेवटी एक गणित तुमच्यासाठी. रात्री १० वाजता ५०० मिलिलिटर सलाईन लावले. ते ८ तासांत संपायला हवे. नळीतून २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो.

(अ) मिनिटाला किती थेंब जुळवावेत?

(आ) रात्री २ वाजता परिचारिकेने पाहिले, तर बाटलीत ३५० मिलिलिटर उरले होते. किती उरायला हवे होते?

(इ) उरलेले सर्व सलाईन सकाळी ६ पर्यंत संपवायचे, तर मिनिटाला किती थेंब लागतील?

(ई) तिने लगेच चाक फिरवून तेवढे थेंब करावेत का? नसल्यास आधी कोणकोणत्या गोष्टी पाहाव्यात आणि कोणाला विचारावे?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे: २१ थेंब, २५० मिलिलिटर, २९ थेंब. चौथ्याचे उत्तर ओळखीच्या एखाद्या सिस्टरला विचारा. मात्र त्यांची पाळी संपल्यावर.